पिस्तूल एकच, डिव्हिजन कोणती

त्या एप्रिलमध्ये सीझनच्या पहिल्याच प्रॅक्टिसला मी पिस्तूल समोर धरलं आणि फ्रंट साइट दिसेना. फ्रंट साइट म्हणजे पिस्तुलाच्या टोकावरचा इवलासा उंचवटा. मागच्या खाचेत तो नीट बसवायचा, तो टार्गेटवर ठेवायचा आणि ट्रिगर हळू दाबायचा, एवढंच आमचं शास्त्र. पुठ्ठ्याचं टार्गेट मला लख्ख दिसत होतं. त्यामागचा मातीचा बांध दिसत होता, बांधावर उरलेला मळकट बर्फही दिसत होता. फक्त माझ्याच हातातल्या पिस्तुलाचं टोक कुणी ओल्या बोटाने पुसल्यासारखं धुकट झालं होतं.

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा तेच. मग मान वर केली, चष्म्याच्या खालच्या भागातून बघितलं, तर फ्रंट साइट आली आणि टार्गेट गेलं. कोंबडी पाणी पिताना करते तशी मान वरखाली करत मी दहा गोळ्या संपवल्या. त्यातल्या बऱ्याच बांधाला लागल्या.

मी कॅनडात व्हिटबीला राहते आणि एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. नागपूरला कॉलेजात असताना मी एनसीसीत होते. तिथे पोटावर झोपून पॉइंट टू-टू रायफल चालवायला शिकले. आमचे हवालदार साहेब मागून ओरडायचे, “टिप देखो, बेटा, टिप! टार्गेट कहीं भाग नहीं रहा!” त्या वयात टिप अशी दिसायची की तिच्यावरचा ओरखडाही मोजता यावा. मग लग्न झालं, कॅनडा आला, मुलगी झाली आणि रायफल विसरले. मुलगी हायस्कूलला गेल्यावर लॅबमधल्या एका मैत्रिणीने मला तिच्या क्लबमध्ये नेलं. ती वर्षभरात कंटाळून पॉटरी शिकायला गेली. मी मात्र तिथेच रमले. कोर्स केले, लायसन्स काढलं, एक साधं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं.

मी खेळते त्याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. एका जागी उभं राहून नेम धरायचा हा खेळ नाही. कमरेला पिस्तूल अडकवायचं होल्स्टर असतं, टायमर बीप करतो, मग पिस्तूल काढून फळ्यांच्या भिंतींमधून, खिडक्यांतून, दारांआडून एकेक टार्गेट टिपत पळायचं. मार्क भागिले वेळ, असा हिशोब. पन्नाशी ओलांडलेली बाई पळते म्हणजे किती पळते, ते सोडा. मला मजा येते.

ही मजा इथल्या आमच्या लोकांच्या असोसिएशनमध्ये सगळ्यांनाच कळते असं नाही. त्याच महिन्यात स्कारबरोला जयंतीचा कार्यक्रम होता. जेवणाच्या रांगेत एका ताईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, “पंचशीलातलं पहिलंच शील काय आहे, आठवतं ना?”

“आठवतं ना, ताई,” मी म्हटलं. “पण पुठ्ठ्यात जीव नसतो.”

त्यांनी थोडा विचार केला आणि माझ्या ताटात एक गुलाबजाम जास्तीचा वाढला. तेवढ्यावर तो विषय मिटला.

माझा खरा प्रश्न डिव्हिजनचा होता. कुस्तीत जसे वजनाचे गट असतात, तशा आमच्याकडे पिस्तुलांच्या डिव्हिजन असतात. मी होते प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे दुकानातून आणलेलं साधं पिस्तूल, साध्या लोखंडी साइट. त्याच पिस्तुलावर छोटी काच बसवली, ज्यात लाल ठिपका दिसतो, की तुम्ही ऑप्टिक्सवाल्यांत गेलात. रिव्हॉल्व्हरवाल्यांची वेगळी डिव्हिजन. आणि ओपन म्हणजे काहीही चालतं. ठिपका लावा, नळीपुढे धक्का कमी करणारं धूड लावा, कुणी विचारत नाही. बाहेरच्या देशांत लोक डिव्हिजन आवडली नाही तर दुसरं पिस्तूल घेतात. इथे सरकारने हँडगनची खरेदी-विक्री बंद केल्यापासून तो मार्ग राहिला नाही. आहे ते पिस्तूल ठेवा, नवीन मिळणार नाही. म्हणजे माझ्याकडे पिस्तूल एक, आणि ते बिघडवून चालणार नव्हतं. ठिपक्याची काच बसवायची तर त्याची वरची स्लाइड गनस्मिथकडून कोरून घ्यावी लागणार होती. कोरलेलं लोखंड परत भरत नाही.

घरी मी हे सांगितलं. माझा नवरा अमरावतीचा, टाउनच्या रस्ते विभागात इंजिनीअर. त्याने चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं.

“काऊन एवढं टेन्शन घेतेस?” तो म्हणाला. “कोणत्या डिव्हिजनमध्ये सगळ्यात कमी लोक आहेत?”

“रिव्हॉल्व्हर. आमच्याकडे एकच आजोबा आहेत.”

“मंग तिथं जा. गेलीस की दुसरा नंबर पक्का.”

“रिव्हॉल्व्हर आणू कुठून? मिळत नाही म्हणून तर सांगितलं ना तुम्हाला आत्ता!”

मुलगी सोफ्यावरून फोनमधून डोकं न काढता म्हणाली, “आई, जस्ट गेट द डॉट. यू कान्ट सी. इट्स नॉट दॅट डीप.”

तिचं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. ठिपका म्हणजे मला काठी टेकल्यासारखं वाटत होतं. हवालदार साहेबांच्या तालमीत तयार झालेली मी, मला लोखंडी साइट दिसत नाही हे कबूल करायचं? शिवाय प्रॉडक्शनमध्ये माझी सगळी ओळखीची माणसं होती. कोण माझ्या वर, कोण खाली, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं.

म्हणून आधी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. ती लुधियानाची, आमचं बोलणं हिंदीत चालतं. तिने विचारलं, “आपको साफ क्या देखना है? कितनी दूर?” मी खुर्चीतच दोन्ही हात सरळ पुढे केले आणि बोटं जुळवून दाखवलं, “बस, इतनी दूर.” ती एक पाऊल मागे सरकली. “आप करती क्या हैं?” मी सांगितलं. मग ती इतकी हसली की बाहेरची रिसेप्शनिस्ट दार उघडून बघून गेली.

हसणं आवरल्यावर तिने मला नीट समजावलं. या वयात डोळ्याचं भिंग ताठ होतं. एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसणार. फ्रंट साइटचा नंबर दिला तर टार्गेट पुसट होणार, टार्गेटचा दिला तर फ्रंट साइट जाणार. “दोनों नहीं मिलेंगे,” ती म्हणाली. “चुन लीजिए.” लाल ठिपका मात्र लांब, टार्गेटच्या अंगावरच असल्यासारखा दिसतो. त्यामुळे तिथे निवडायची वेळच येत नाही. हे मला ठाऊक होतं. तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, एवढंच.

मी निर्णय पुढे ढकलला आणि मे महिन्यातल्या मॅचला प्रॉडक्शनमध्येच नाव दिलं.

आता डॉक्टरांबद्दल सांगायला हवं. डोळ्यांची डॉक्टर वेगळी. आमच्या क्लबातले डॉक्टर म्हणजे पुण्याचे निवृत्त सर्जन. ऐंशीच्या जवळ आले आहेत, पन्नास वर्षांपूर्वी इथे आले. पहिल्या भेटीत त्यांनी माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि आमच्या लोकांना ओळखीची असलेली ती छोटी शांतता पडली. मग ते म्हणाले, “नागपूरची? छान. तुमची ग्रिप चुकते आहे.” त्यानंतर आजपर्यंत ते माझी ग्रिप सुधारत आहेत. तुम्हीवरून तूवर कधी आले, आठवत नाही. तिकडे असतो तर आमची गाठ पडली असती की नाही, शंका आहे. इथे आम्ही एकाच स्क्वॉडमध्ये, म्हणजे मॅचला बरोबर फिरणाऱ्या गटात, असतो आणि एकमेकांच्या डब्यात हात घालतो.

डॉक्टर ओपनमध्ये खेळतात. त्यांचं पिस्तूल म्हणजे लग्नातल्या घोड्यासारखं सजवलेलं. वर ठिपक्याची नळी, पुढे धूड, बाजूला अंगठा टेकायला पट्टी. ते वाजलं की शेजारच्याच्या चष्म्यावर हवेची थप्पड बसते. मॅगझिनमध्ये मात्र इथे ओपनवाल्यांनाही दहाच गोळ्या भरता येतात, आणि याची तक्रार ते दर मॅचला करतात.

मॅचच्या दिवशी थंडी होती. पहिला स्टेज, म्हणजे भिंती-खिडक्यांची पहिली मांडणी, मी बऱ्यापैकी संपवला. टार्गेट जवळ होती, धुकट साइटनेही काम भागलं. पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवलं तोच टायमर घेतलेला रेंज ऑफिसर माझ्याकडे आला. उंच, लाजरा माणूस.

“आय ॲम सो सॉरी, मॅम,” तो म्हणाला. “तुमचा पहिला पाउच हाडाच्या पुढे आलाय.”

प्रॉडक्शनचा नियम असा की होल्स्टर आणि मॅगझिनचे पाउच कमरेच्या हाडाच्या पुढे येता कामा नयेत. गेली कित्येक वर्षं माझे पाउच आपल्या जागी होते. पण मधे हिवाळा झाला होता. घरातल्या घरात बसून, तिळगुळापासून केकपर्यंत सगळं खाऊन कंबर वाढली होती, सकाळी बेल्ट एक भोक पुढे लावला होता, आणि बेल्टबरोबर पाउचही सरकला होता. हे त्या लाजऱ्या माणसाला कसं सांगणार?

“मग आता?” मी विचारलं.

“नियमाप्रमाणे या मॅचपुरत्या तुम्ही ओपनमध्ये जाता. सॉरी. रिअली सॉरी.”

इकडचे लोक दंडसुद्धा माफी मागून करतात. त्याचा चेहरा बघून मीच त्याला धीर दिला.

मागे उभे असलेले डॉक्टर सगळं ऐकत होते. त्यांनी दोन्ही हात पसरले. “ये, ये! आमच्या घरी स्वागत आहे. सून घरात आल्याचा आनंद झाला.”

“डॉक्टर, माझ्याकडे साधं पिस्तूल आहे. तुमच्यात मी काय करणार?”

“शेवटची येशील,” ते म्हणाले. “कुणीतरी यायलाच हवं. गेली दोन वर्षं ते काम माझ्याकडे आहे.”

तर अशी मी कमरेपायी ओपनमध्ये गेले. खरं सांगायचं तर त्यानंतर फार हलकं वाटलं. हरणार हे नक्की होतं, त्यामुळे कुणाशी तुलना करायचं कारण उरलं नाही. दुसरा स्टेज मी गाणं गुणगुणत संपवला.

तिसऱ्या स्टेजला डॉक्टरांची पाळी आली. बीप झाला, त्यांनी पिस्तूल काढलं, समोर धरलं आणि तसेच उभे राहिले. मग पिस्तूल जरा हलवलं. पुन्हा उभे. मला वाटलं बरं वाटत नाही की काय. तेवढ्यात ते मराठीत मोठ्याने ओरडले, “अरे, दिवा गेला!”

ठिपक्याची बॅटरी संपली होती. स्क्वॉडमध्ये ते फक्त मलाच कळलं आणि मी हसू दाबत उभी राहिले. ते थांबले नाहीत. ठिपका नाही तर नळीवरून अंदाज घेत ते पुढे निघाले. ज्यांना गोळी लागता कामा नये असे पांढरे पुठ्ठे उभे केलेले असतात, त्यातल्या बहुतेकांचा त्यांनी समाचार घेतला. संपल्यावर त्यांनी खिशातून ऐटीत एक पाकीट काढलं. “मी कायम स्पेअर ठेवतो,” असं म्हणत उघडलं. त्यात कानाच्या मशीनची बॅटरी होती.

“ही तुमच्या कानाची आहे, डॉक्टर.”

“काय म्हणालीस?”

“कानाची!”

त्यांनी बॅटरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाकीट परत खिशात टाकलं. उरलेली मॅच ते ठिपक्याशिवाय खेळले.

शेवटी रिझल्ट लागला. ओपनमध्ये शेवटून दुसरी मी आणि शेवटचे डॉक्टर. पिस्तुलं लॉक करून डिकीत ठेवल्यावर आम्ही त्यांच्या गाडीशी डबे उघडले. त्यांच्याकडे मेतकूट-भात होता, माझ्याकडे कोथिंबिरीची वडी. तेवढ्यात माझ्या फोनवर नवऱ्याचा मेसेज आला आणि तो डॉक्टरांनी डोकावून वाचला. “येताना सांबार आण? सांबार कशाला? इडल्या केल्यात का?”

“आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.”

“हे काय भलतंच!” ते म्हणाले आणि अजून एक वडी उचलली.

तसंही मला सांबार आणता येणार नव्हतं. पिस्तूल गाडीत असलं की रेंजवरून थेट घर, वाटेत ग्रोसरी नाही, हे मी नवऱ्याला शंभरदा सांगितलं आहे.

मग मी जरा फुशारकीने म्हटलं, “बघा डॉक्टर, शेवटी लोखंडच कामाला आलं. माझ्या साइटला बॅटरी लागत नाही. मी ठरवलं. राहते प्रॉडक्शनमध्येच.”

डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं. त्यांचा आवाज बदलला. ऑपरेशननंतर नातेवाइकांशी ते याच आवाजात बोलत असतील.

“शेवटच्या स्टेजला लांब दोन टार्गेट होती. त्यावर तुझ्या किती लागल्या?”

मी वड्यांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

“एकही नाही,” ते म्हणाले. “मी बघत होतो. आज तू मला हरवलंस, त्याचा आनंद घे. पण त्यावरून निष्कर्ष काढू नकोस. माझी बॅटरी उद्या बदलेन की झालं. तुझ्या डोळ्याची कुठे बदलणार?”

“पण स्लाइड एकदा कोरली की परत...”

“माहीत आहे. तुला वाटतं तू पिस्तूल वाचवते आहेस. कोणासाठी? तुझ्यानंतर ते कोणाला देता येणार आहे? माझी तीन पडली आहेत कपाटात. मुलाला नकोत, आणि हवी असती तरी देता आली नसती. जेवढी वर्षं खेळायची तेवढी नीट दिसेल असं खेळ.”

वाऱ्याने त्यांच्या डब्याचा रुमाल उडाला. मी धावत जाऊन आणला. परत आले तेव्हा ते मेतकूट कुठून मागवतात ते सांगू लागले होते.

पुढच्या आठवड्यात मी स्लाइड काढून गनस्मिथकडे नेली. त्याने लायसन्स बघितलं, स्लाइड उजेडात फिरवली आणि विचारलं, “कोरली की कोरली. या स्लाइडवर परत प्रॉडक्शन नाही. शुअर?” मी हो म्हटलं. नंतर पार्किंगमध्ये गाडीत बसून एक कॉफी प्यायले, तेव्हा बरं वाटलं.

ठिपका आला आणि मी आणखी वाईट खेळू लागले. हे कुणी सांगितलं नव्हतं. पिस्तूल समोर धरलं की काच रिकामी. ठिपका वर गेला की खाली, काही कळायचं नाही. त्याला शोधायला मनगट हलवायचं, तर तो काचेच्या एका कोपऱ्यातून शिरून दुसऱ्या कोपऱ्यातून पळून जायचा. आणि सापडला तरी शांत उभा राहील तर शपथ. सारखा थरथरायचा. मला वाटलं काच बिघडली आहे. डॉक्टर म्हणाले, “काच ठीक आहे. तुझे हात आहेत ते. इतकी वर्षं थरथरतच होते, लोखंड तुला दाखवत नव्हतं एवढंच.” आणि वर पुन्हा, “ग्रिप!”

जूनची मॅच वाईट गेली, जुलैची त्याहून वाईट. प्रॉडक्शनमधल्या जुन्या मंडळींनी “हाउज द डॉट?” विचारणं सौजन्याने बंद केलं. मग ऑगस्टमध्ये कधीतरी, एका साध्या प्रॅक्टिसला, मी टार्गेटकडे बघितलं, हात वर आले आणि ठिपका तिथेच होता. मी शोधला नव्हता. पुढच्या टार्गेटकडे बघितलं, तिथेही होता. मान वरखाली नाही, डोळे बारीक करणं नाही. फक्त बघायचं. लांबच्या पुठ्ठ्यात दोन गोळ्या जवळजवळ एका भोकात गेल्या. मी पिस्तूल रिकामं करून दाखवलं, होल्स्टरमध्ये ठेवलं आणि जरा वेळ कुणाकडे न बघता उभी राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि या वेळी दोष नंबरचा नव्हता.

सप्टेंबरच्या शेवटच्या मॅचला मी ऑप्टिक्सवाल्यांत मधोमध आले. माझ्या वर विशीतली पोरं, खाली विशीतलीच दोन पोरं. डॉक्टर ओपनमध्ये शेवटून दुसरे आले आणि शेवटच्याला जाऊन ग्रिप शिकवून आले.

आता जानेवारी आहे. रेंज बर्फाखाली आहे, म्हणून मी संध्याकाळी बेसमेंटमध्ये रिकाम्या पिस्तुलाने सराव करते. गोळ्या वेगळ्या खोलीत कुलुपात, भिंतीवर कागदाची छोटी टार्गेट, फोनवर बीप. बघायचं, हात वर, ठिपका. बघायचं, हात वर, ठिपका. वरून मुलगी मैत्रिणीला सांगताना ऐकू येते, “नो, दॅट्स जस्ट माय मॉम.” मग जिन्याच्या तोंडाशी नवरा येतो, अंगात जाडजूड पार्का जाकीट, हातात फावडं.

“ड्राइव्हवे शोव्हल करायला येतेस का? कालच्यापेक्षा जास्त पडलाय.”

“दोन मिनिटं,” मी म्हणते. “अजून दोनदा काढते आणि येते.”

तो दोन मिनिटं थांबत नाही. बाहेर फावड्याचा खरखराट सुरू होतो. मी हात वर घेते.